जेवताना गणित नाही

या महिन्यात घरशाळेबद्दल इतकी पत्रं आली की लोणच्याचा मसाला आणि वाळवणाचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलावे लागले. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की आमचं घर सात माणसांचं. माझी दोन्ही मुलं दहावीपर्यंत घरीच शिकली. मी शिक्षिका नाही, बी.एड. नाही. चुका मात्र भरपूर केल्या आहेत, त्यातल्या काही खाली येतीलच.

ताई, जूनपासून आम्ही दोन्ही मुलांना (वय ९ आणि ६) घरी शिकवायचं ठरवलं. घरात सहा माणसं. सकाळी साडेसहाला यांचा डबा, साडेआठला दिरांचा, मग सासूबाईंचा नाश्ता, मुलांचं खाणं, दुपारचा स्वयंपाक. पुस्तक उघडेपर्यंत दोन वाजतात आणि मी पेंगत असते. मुलं दिवसभर गोंधळ घालतात. आमचं चुकलं का? – एक आई, नाशिक

तुमचं पत्र दोनदा वाचलं. ठरवलं 'आम्ही', आणि पुढची सगळी कामं तुमच्या एकटीच्या नावावर. शाळा घरी आणताना वेळापत्रक कुणी मांडलंच नाही, असं दिसतंय. आमच्याकडेही नव्हतं मांडलं. पहिल्या वर्षी मी कणीक मळता मळता पाढे म्हणून घेत होते. ना पोळी मऊ झाली, ना तेराचा पाढा पाठ झाला.

तुमची अडचण पाटीपेन्सिलीपेक्षा तव्याची आहे. माणसं सहा, जेवणाच्या वेळा पाच, आणि प्रत्येकाला तव्यावरून ताटात पडलेली पोळी हवी. आधी हे मोडा. पोळ्या एकदाच, सकाळी, सगळ्यांच्या, फडक्यात गुंडाळून डब्यात. आमच्या सासूबाईंना हे पटायला दोन महिने लागले. मी वाद घातला नाही. त्यांच्या दोन पोळ्या तेवढ्या गरम करून देत राहिले आणि बाकीच्यांची सवय मोडली. कुकरमध्ये तीन भांडी एकावर एक लावा: खाली वरणाची डाळ, मध्ये भात, वर दुसऱ्या दिवशीच्या भाजीचे बटाटे. कडधान्य रविवारी रात्री भिजत घाला, सोमवारी सकाळी उपसून फडक्यात बांधा, मंगळवारी मोड तयार. कांदा-खोबऱ्याचं वाटण एकदम चार दिवसांचं करून फ्रीजमध्ये ठेवा. यात नवीन काही नाही, तुम्हाला सगळं येतं. फक्त हे करायची परवानगी तुम्ही स्वतःला दिलेली नाही.

एवढं झालं की साडेनऊ ते अकरा मोकळे होतात. नऊ आणि सहा वर्षांच्या मुलांना दीड तास सलग बसून शिकणं पुष्कळ झालं. शाळेतले सहा तास हे चाळीस मुलांचे असतात. त्यात हजेरी, रांगा, 'गप्प बसा' आणि मधली सुट्टी धरलेली असते. तुमच्याकडे दोनच मुलं आहेत.

उरलेल्या वेळात मुलं गोंधळ घालतात, कारण त्यांना काम नाही. काम म्हणजे खरं काम. ते झालं नाही तर घरातल्या कुणाचं तरी अडलं पाहिजे. सहा वर्षांच्या मुलाला लसूण सोलायला द्या, मटार सोलायला, कोथिंबीर निवडायला. नऊ वर्षांचं मूल काकडी चिरेल, सुरीने. विळीवर अजून नको. गॅसपाशी दहाव्या वर्षानंतर, तेही मोठं माणूस शेजारी उभं असताना. कुकरचं झाकण मी थोरल्याला बाराव्या वर्षापर्यंत उघडू दिलं नाही, त्यावरून तो अजून टोमणे मारतो. बुधवारची कोशिंबीर आमच्या धाकटीची असायची. विसरली तर त्या दिवशी कोशिंबीर नाही. आजोबा पानाकडे बघायचे, काही बोलायचे नाहीत. त्यानंतर ती विसरली नाही.

आता माझी चूक सांगते, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. कुठेतरी वाचलं की स्वयंपाकघर ही गणिताची प्रयोगशाळा आहे. झालं! मी रोज जेवताना अपूर्णांक सुरू केले. पोळीचे चार तुकडे, त्यातला एक म्हणजे पाव, पावाचा निम्मा म्हणजे किती? धाकटी पाच मिनिटं पोळीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आई, मला भूक लागलीये." पोळी तोवर गार होऊन चिवट झाली होती. त्या दिवसापासून घरात नियम झाला, जेवताना गणित नाही. सासऱ्यांनी तो खडूने फ्रीजवर लिहिला, आणि सगळ्यात आधी त्यांनीच मोडला.

त्याचं असं झालं की गावच्या घरून येताना ते जुनी धान्याची मापं घेऊन आले. पायली, शेर, मापटं, चिपटं, कोळवं, नेळवं. दोन नेळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. त्यांनी काही शिकवलं नाही. मापं आणि तांदळाचा डबा पोरांच्या पुढ्यात ठेवला आणि विचारलं, "एका पायलीत नेळवी किती?" दोघं मोजत बसली. एकोणचाळीसला भांडण झालं, मोजणी पहिल्यापासून. पुन्हा एकावन्नला. शेवटी थोरल्याच्या लक्षात आलं की सगळं मोजायची गरजच नाही, दुप्पट दुप्पट करत गेलं तरी चालतं. चौसष्ट. मग पाऊण पायलीची चिपटी किती, हे तो तोंडी सांगायला लागला (बारा). पुढे पावकी-निमकीचे पाढेही आजोबांनी तिथेच म्हणून घेतले. तांदूळ आठवडाभर पायाला लागत होते. माझ्या पोळीच्या तुकड्यांत आणि त्या तांदळात फरक काय होता, हे मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, मला उत्तर माहीत होतं आणि मी परीक्षा घेत होते. तांदूळ मोजताना मुलांनाच उत्तर हवं होतं.

सासूबाईंना विचारा, त्यांच्याकडे काय आहे. भजनं असतील, ओव्या असतील, भरतकाम असेल. अर्धा तास त्यांचा. आणि रविवारी संध्याकाळी आठवड्याची भाजी निवडायला यांना आणि दिरांना बसवा, पेपर पसरून, मुलांसकट. गवारीच्या शिरा काढताना पुरुषमाणसं फार छान गप्पा मारतात.

माझ्या मुलाने व सुनेने नातवास शाळेतून काढले आहे. तो ११ वर्षांचा आहे. दिवसभर घरात केक करतो. मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. हे कायद्यात बसते काय? दहावीचे काय? आपण अशा गोष्टींना उत्तेजन देता हे खेदजनक आहे. – एक आजोबा, सातारा

काका, नमस्कार. रागावलात तरी लिहिलंत, हे बरं केलंत.

कायद्याचं आधी. २००९चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या दहाव्या कलमात मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, मी ते लपवणार नाही. पण ते न करणाऱ्या पालकांना त्या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. घरशाळा हा शब्दही त्यात नाही. आणि चौथं कलम तुमच्या कामाचं आहे. शिक्षण अर्धवट राहिलेल्या मुलाला वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो, मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षणही. म्हणजे उद्या मुलाचं, सुनेचं किंवा नातवाचंच मन बदललं तर दार उघडं आहे.

दहावीचे दोन रस्ते. एक राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचा. तो तुम्ही शाळेत असताना कितीतरी मुलांचा भरून घेतला असेल. दुसरा एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा. तिथे दहावीला चौदा वर्षं पूर्ण हवीत, पाच विषय घ्यावे लागतात, परीक्षा वर्षातून दोनदा असते आणि विषय सुटे सुटे देता येतात. मराठी माध्यमही आहे. आमच्या दोघांनी हाच रस्ता घेतला. धाकटीने तिथे गृहविज्ञान घेतलं आणि प्रात्यक्षिकाला जाताना मला म्हणाली, "यात तुझी शिकवणी नको."

आता केक. तो दिवसभर केकच करत असेल तर मलाही ते पटणार नाही. पण त्याने किती केक फसवले ते विचारा, आणि दर वेळी काय बदललं ते वहीत लिहितो का, ते बघा. आमच्या थोरल्याने एका थंडीत इडलीचं पीठ (चार वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद) तीन डब्यांत वाटलं. एक शालीत गुंडाळून, एक खिडकीत, एक फ्रीजवर मागच्या बाजूला, जिथे जरा ऊब असते. दर दोन तासांनी पट्टीने उंची मोजली. फ्रीजवरचं पीठ पहाटे उतू जाऊन खाली धान्याच्या कप्प्यात गेलं. मी खूप ओरडले. वहीत मात्र 'पहाटे ५, मोजता आली नाही' असं प्रामाणिकपणे लिहिलेलं होतं. काका, मुख्याध्यापक म्हणून त्या वहीला किती गुण दिले असते तुम्ही? नातवाची वही एकदा तपासायला मागा. तुमच्याइतका तयार परीक्षक त्याला बाहेर मिळायचा नाही.

आम्ही बेंगळुरूला असतो. मुलगी १० वर्षांची, घरीच शिकते, मराठी छान बोलते पण वाचायला-लिहायला कंटाळा करते. काय करू? – एक बाबा

बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात, ती घ्या. पण पुस्तकाच्या आधी आजीला फोन लावून द्या. आजी गावाकडे असेल आणि थालीपीठ उत्तम करत असेल असं मी गृहीत धरते. मुलीने विचारायचं, ऐकायचं आणि मराठीत उतरवून घ्यायचं. आजी सांगेल, "मावेल तितकी भाजणी घाल, मीठ अंदाजाने, आणि तेल जरा सढळ." इथे गंमत सुरू होते. 'मावेल तितकी' म्हणजे किती? मुलीने भाजणीचा डबा आधी वजनकाट्यावर ठेवायचा, पीठ भिजवून झाल्यावर पुन्हा ठेवायचा आणि वजाबाकी लिहायची. 'सढळ'चा अर्थ मात्र काट्यावर कळत नाही, तो पहिलं थालीपीठ तव्याला चिकटलं की कळतो. अशी दहा टिपणं झाली की ती आजीला पोस्टाने पाठवा. आजी चुका काढून परत पाठवेल. काढेलच. वाण्याची यादीही तिच्याकडेच द्या. 'हरभऱ्याची डाळ' चुकीची लिहिली तरी दुरुस्त करू नका, घरात मसुराची डाळ आली की ती आपणच दुरुस्त करेल.

घरशाळा आणि पूर्णवेळ नोकरी दोन्ही जमेल का? – पनवेल

दोन मोठी माणसं असतील आणि दोघांच्या वेळा वेगळ्या असतील तर जमेल. एकटीने नाही. 'मी जमवीन' असं लिहून पुन्हा पत्र पाठवू नका, उत्तर तेच येईल.

काकू, मी १० वर्षांची आहे. मला पुरणपोळी करायची आहे. आई म्हणते ते मोठ्यांचं काम आहे. खरं का? – कोल्हापूर

अर्धं खरं. गरम पुरण अंगावर उडालं तर फार भाजतं, म्हणून पुरण शिजवताना ढवळायचं काम आईचं. झालं का ते बघायचं काम तू माग: पातेल्यात मधोमध डाव उभा करायचा, पडला तर अजून शिजायचंय, उभा राहिला तर गॅस बंद. पुरण कोमट झालं की वाटायला तू घे. कणीक सैल भिजवायची, तेल लावून दोन तास झाकून ठेवायची. उंडा भरताना पुरण कणकेपेक्षा जास्त घ्यायचं असतं, पण तू पहिल्यांदा सारखंच घे. हलक्या हाताने लाट, कडेकडेने. तव्यावर टाकायला आईला हाक मार.

पहिली फुटेल. ती तुझी. दुधात कुस्करून, वर तूप घालून, ओट्यापाशी उभ्यानेच खा.