वाशीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीचा कूलंट घरच्या घरी बदलता येईल का?

हो, येतो, पण रात्रभर उभ्या असलेल्या गार गाडीचाच. गरम इंजिनात कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) दाबाखाली असल्याने 100 अंशांच्या वर गेला तरी उकळत नाही. रेडिएटरचं झाकण सैल केलं की त्याची वाफ होऊन थेट तोंडावर येते. माझ्या गाडीचा मीच बदलतो, म्हणून सांगतो: जुना काढणं सोपं, आत अडकलेली हवा बाहेर काढणं किचकट. रेडिएटरखालच्या नळीतून जुना कूलंट टबात घ्या, गटारात अजिबात नको. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी, पण चवीला गोड असतं आणि पार्किंगमधल्या कुत्र्या-मांजरांच्या जिवावर बेततं. नवा भरताना कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेला) असेल तर तेवढंच डिस्टिल्ड वॉटर मिसळा (बोअरिंगचं पाणी नको, आत क्षार धरतात). रेडीमिक्स (आधीच पाणी मिसळलेला) असेल तर थेंबभरही पाणी नको. मग हीटर पूर्ण गरमवर ठेवून झाकण उघडंच असताना इंजिन चालू करा. बुडबुडे थांबून पंखा एकदा फिरेपर्यंत थोडा थोडा ओतत राहा. दुसऱ्या दिवशी, गाडी गार असताना, पातळी पुन्हा बघा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल, किंवा रेडिएटरला झाकणच नसेल, तर मात्र मॅन्युअल बघितल्याशिवाय हात लावू नका.