क्लाउडचा सातबारा कुणाच्या नावावर?

वाळूजच्या एका कारखान्यात ३१ वर्षं ईडीपी (म्हणजे कॉम्प्युटर) विभाग सांभाळून निवृत्त झालेल्या आमच्या ताई या सदरात वाचकांच्या कॉम्प्युटरविषयीच्या प्रश्नांना उत्तरं देतात.

प्रश्न : आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार. उदगीरला आमची डाळमिल आहे, लातूरच्या मोंढ्यात आडत दुकान आणि अहमदपूरला खरेदी केंद्र. तिन्ही ठिकाणचा हिशेब मिलमधल्या एका सर्व्हरवर टॅलीत चालतो, सहा जण एंट्री करतात. मृगात वीज कडाडली अन् सर्व्हर गेला. चार दिवसांच्या पट्ट्या पुन्हा हातानं भरल्या. आता क्लाउडवर, म्हणजे मोठ्या कंपनीच्या भाड्याच्या सर्व्हरवर, जायचं ठरलंय, पण घरात तीन पक्ष झालेत. पुण्याचा पुतण्या म्हणतो अमेझॉनचं एडब्ल्यूएस. सीए साहेब म्हणतात मायक्रोसॉफ्टचं अ‍ॅझ्युर, कारण आपलं सगळं विंडोज. सूनबाई म्हणतात गुगल, जीमेल तर आहेच की. तिघांचे दर काढून तक्ता सोबत जोडलाय. कोणतं घ्यावं, एका शब्दात सांगा.
— एक मिलमालक, उदगीर

उत्तर : एका शब्दात सांगायचं तर कोणतंही. आता बाकीचे शब्द.

तक्ता बघितला, पुतण्यानं मेहनत घेतलीय. दोन सीपीयू, आठ जीबी रॅम, विंडोज सर्व्हर, आणि तिघांचं महिन्याचं भाडं. फरक निघाला पाच-सातशे रुपयांचा. एवढ्यात तुमच्या हमालांचा आठवड्याचा चहासुद्धा व्हायचा नाही. तुमच्या कामापुरतं या तिघांत डावं-उजवं करण्यासारखं फार नाही. अ‍ॅमेझॉननं हा भाड्याचा धंदा २००६ साली सुरू केला, मायक्रोसॉफ्टचं अ‍ॅझ्युर २०१० साली बाजारात आलं. भारतात अ‍ॅझ्युरची केंद्रं २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईला उभी राहिली, एडब्ल्यूएस २०१६ मध्ये मुंबईत आलं, गुगल २०१७ मध्ये, तेही मुंबईत. म्हणजे कुणाकडंही गेलात तरी हिशेब राहणार महाराष्ट्रातच. फक्त मशीन, म्हणजे हा भाड्याचा सर्व्हर, घेताना जागा मुंबई किंवा पुणे आहे ना, हे डोळ्यांनी बघा. खातं नवं असलं की कधी कधी समोर अमेरिकेतलं व्हर्जिनिया येतं आणि घाईत तेच ठेवलं जातं. तुमची फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल तर यात कायदाही आला. ऑगस्ट २०२२ पासून कंपनीच्या हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर असावा लागतो. भागीदारी असेल तर हा नियम लागत नाही, तरी पाळायला काय जातं?

आता तक्त्यात नसलेल्या गोष्टी. भाडं तासावर असतं आणि पुतण्यानं महिन्याचे सगळे ७३० तास धरलेत. तुमचं काम सकाळी नऊ ते रात्री आठ, महिन्याला २६ दिवस. म्हणजे २८६ तास. रात्री आणि रविवारी मशीन बंद ठेवलं तर मशीनचं भाडं चाळीस टक्क्यांवर येतं. पण बंद करायची रीत तिघांची सारखी नाही. एडब्ल्यूएस आणि गुगलवर विंडोजमधूनच शटडाउन केलं की मशीनचा मीटर थांबतो. अ‍ॅझ्युरवर तसं केलं तर मशीन झोपतं आणि मीटर जागाच राहतो. तिथं त्यांच्या पोर्टलवर जाऊन थांबवावं लागतं, ‘डीअ‍ॅलोकेटेड’ असं दिसेपर्यंत. तुमच्या मुनीमजींना हे एकदा समोर बसवून दाखवा. आणि मशीन बंद असलं तरी डिस्कचं भाडं तिघंही घेतात. यात मी स्वतः फसलेय. निवृत्तीनंतर शिकायला म्हणून एक मशीन घेतलं, काम झाल्यावर काढून टाकलं, पण डिस्क आणि राखून ठेवलेला आयपी पत्ता (मशीनचा इंटरनेटवरचा नंबर) तसाच राहिला. पाच महिने कार्डावरून पैसे जात होते. आमच्या घरातल्यांना वाटायचं, मी कुठल्या तरी मालिकांचं वर्गणीचं अ‍ॅप लावलंय.

दुसरी गोष्ट विकायला येणारा माणूस सहसा बोलत नाही. विंडोज सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपनं, म्हणजे लांबून आपल्या स्क्रीनवर सर्व्हर उघडून, एका वेळी दोघांनाच शिरता येतं, तेही देखभालीपुरतं. तुमच्या सहा जणांना रोज काम करायचं तर रिमोट डेस्कटॉपची वेगळी लायसन्सं लागतात, माणशी एक. टॅलीचंही एकापेक्षा जास्त जणांसाठी गोल्ड नावाचं लायसन्स लागतं, ते तुमच्याकडं असेलच. ही बेरीज केली की पाच-सातशेचा फरक कुठं हरवला, ते तुम्हालाच सापडणार नाही. म्हणून टॅलीवाल्यांची स्वतःचीच क्लाउडवर चालणारी सोय आहे, तिचा भाव आधी काढा. नुसतं टॅलीच चालवायचं असेल तर रिकामं मशीन घेऊन त्यावर सगळं मांडत बसण्यापेक्षा ते बरं पडू शकतं. धान्य ठेवायचं असेल तर गोदाम भाड्यानं घेतो आपण, प्लॉट घेऊन शेड बांधायला जात नाही.

डिस्क स्वस्तातली घेऊ नका. अ‍ॅझ्युरवर एकट्या मशीनला सगळ्यात साधी हार्डडिस्क लावली तर ते चालू राहण्याची हमी ९५ टक्क्यांची. ऐकायला दहावीच्या निकालासारखं छान वाटतं, पण हिशेब केला तर महिन्याला छत्तीस तास बंद पडलं तरी त्यांनी शब्द पाळला असं होतं. महागातली एसएसडी डिस्क घेतली तर हमी ९९.९ टक्के, म्हणजे पाऊण तासाच्या आत. एडब्ल्यूएस एकट्या मशीनला ९९.५ टक्के देतं, म्हणजे साडेतीन तासांच्या थोडं वर. आणि हमी मोडली तर भरपाई म्हणून बिलात थोडी सूट मिळते. काट्यावर अडकलेल्या ट्रकचं भाडं त्यात येत नाही.

हो, वजनकाट्याचा कॉम्प्युटर क्लाउडवर नेऊ नका. तो जागेवरच राहू द्या, वजनं दिवसातून दोनदा वर पाठवा. आपल्याकडं क्लाउड बंद पडण्याआधी जेसीबी केबल तोडतो. रस्त्याचं काम निघालं की फायबर गेलंच समजा. तिन्ही ठिकाणी फायबरच्या जोडीला दुसऱ्या कंपनीच्या सिमचं एक राउटर ठेवा. हा खर्चही तक्त्यात नाही.

सूनबाईंना सांगा, जीमेल आणि गुगल क्लाउड ही एकाच घरची दोन वेगळी दुकानं आहेत. एकाची ओळख दुसऱ्यात फारशी कामाला येत नाही. आणि टॅलीचं चालू फोल्डर गुगल ड्राइव्हला जोडून ठेवायचा विचार असेल तर तो सोडून द्या. कुणी एंट्री करत असतानाच फाइल उचलली गेली की डेटा बिघडतो. टॅलीतून काढलेला बॅकअप मात्र खुशाल ड्राइव्हवर ठेवा.

आता मुख्य मुद्दा. खातं कुणाच्या नावावर उघडणार? पुतण्या हुशार आहे, तो पाच मिनिटांत स्वतःच्या मेलवर, स्वतःच्या मोबाइलवर उघडून देईल. जालन्यात माझ्या ओळखीच्या एका बियाणं विक्रेत्यानं असंच केलं. खातं दुकानात कामाला असलेल्या मुलाच्या मेलवर होतं. मुलगा बेंगळुरूला नोकरीला गेला, नंबर बदलला. त्यानंतर कार्डाची मुदत संपली, बिल थकलं, खातं गोठलं. ओटीपी जायचा बंद पडलेल्या नंबरवर. दुकान त्यांचं, डेटा त्यांचा, पण कागदावर मालक तो पोरगा. दीड महिना लागला सोडवायला, तोही पोरगा भला होता म्हणून. वावर घेताना आपण सातबारा दहा वेळा बघतो ना? तसंच इथं. मालकीचं मुख्य खातं फर्मच्या मेलवर, मोबाइल तुमचा. पुतण्याला, सीए साहेबांना, सूनबाईंना त्याखाली वेगवेगळी लॉगिनं द्या. ज्याचं काम संपलं त्याचं लॉगिन त्याच दिवशी काढा. खात्याच्या टॅक्सच्या पानावर फर्मचा जीएसटी नंबरही भरा. बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि नंबर नसेल तर त्याचं क्रेडिट मिळवताना सीए साहेबांचीच दमछाक होईल.

आणि बॅकअप दुसऱ्याच्या घरी ठेवा. कारखान्यात असताना दर शनिवारी बॅकअपची टेप मी डब्याच्या पिशवीतून सिडकोतल्या घरी आणायची. कपाटात पैठणीखाली असायची ती. सासूबाईंना वाटायचं कारखान्यात काही तरी गुपित चालतं. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचा गुगलवरचा प्रायव्हेट क्लाउड (फक्त त्यांच्यासाठी राखलेली मशीनं) पुसला गेला. गुगलच्याच माणसांकडून मांडणी करताना एक रकाना रिकामा राहिला होता, एवढंच कारण. लाखो सभासदांना आठवडाभर आपलं खातं उघडता आलं नाही. सावरताना दुसऱ्या कंपनीकडं ठेवलेला बॅकअपही कामी आला. म्हणून मशीन अ‍ॅझ्युरवर असेल तर बॅकअप एडब्ल्यूएसवर किंवा गुगलवर, किंवा उलट. तुमचा सगळा डेटा फार तर वीस-तीस जीबीचा असेल, त्याच्या साठवणीचं भाडं किरकोळ आहे. महिन्यातून एकदा तो बॅकअप उतरवून दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. न उघडलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

तरी एक नाव हवंच असेल तर लातूर-उदगीरमध्ये रात्री नऊला फोन उचलून येणारा कोण आहे, ते शोधा. त्याला जे येतं ते घ्या. विंडोजवाला माणूस असेल तर अ‍ॅझ्युर, एडब्ल्यूएसवाला असेल तर एडब्ल्यूएस. पुतण्या पुण्याहून फोनवर सांगेल, पण राउटर बंद करून चालू करायला तो यायचा नाही. आणि सोयाबीनची आवक सुरू व्हायच्या आत हलवाहलव करू नका, तूर-हरभऱ्याच्या घाईत तर नाहीच. होळीनंतर मिल थंडावली की एक महिना जुनं-नवं दोन्ही चालवा.

प्रश्न : ताई, लातूरला आमचा अकरावी-बारावीचा क्लास आहे. ४०० मुलं. महिन्याला २५ लेक्चर्स रेकॉर्ड करून एडब्ल्यूएसवर ठेवतो, एक लेक्चर साधारण ५०० एमबीचं. साठवण स्वस्त म्हणून घेतली, पण बिल बघून धक्का बसला. दुसऱ्या कंपनीकडं जावं का?
— क्लासचालक, लातूर

उत्तर : लातूरच्या माणसाला हे मी कसं समजावू? एप्रिल २०१६ आठवा. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. पाण्यापेक्षा ते आणणं जड होतं. तुमचंही तेच झालंय. २५ लेक्चर्स म्हणजे साडेबारा जीबी, त्याचं साठवणभाडं महिन्याला अर्धा डॉलरसुद्धा नाही. पण ती ४०० मोबाइलवर गेली की ५,००० जीबी बाहेर पडले. महिन्याला पहिले १०० जीबी फुकट, पुढं मुंबईहून जीबीमागं जवळपास ११ सेंट. गुणाकार करा, पाचशे डॉलरच्या पुढं जातो. डेटा आत टाकायला कुणी पैसे मागत नाही, बाहेर काढायला मागतात. अ‍ॅझ्युर आणि गुगलचे दरही त्याच घरातले आहेत, त्यामुळं नुसतं घर बदलून काही होणार नाही.

आधी व्हिडिओ लहान करा. फळ्यावरचं गणित दिसायला ५०० एमबी लागत नाहीत, १५० मध्ये अक्षर स्वच्छ दिसतं. मी स्वतः नातवाचं लेक्चर मोबाइलवर तसं करून बघितलंय. मग व्हिडिओ थेट न देता एडब्ल्यूएसच्याच क्लाउडफ्रंट या फाइली पोचवणाऱ्या सेवेतून द्या. तिथं दर महिन्याला पहिला एक टीबी फुकट आहे. तुमचे ५,००० जीबी १,५०० वर आले आणि त्यातले हजार सुटले, तर बिल पन्नास-पंचावन्न डॉलरवर येईल. त्याहूनही कमी हवं असेल तर क्लाउडफ्लेअरची आर-टू नावाची साठवण बघा, ती डेटा बाहेर काढायचे पैसे घेत नाही. आणि लिंक उघडी ठेवू नका. मुदत संपणारी, डिजिटल सही केलेली लिंक द्या. शेजारच्या क्लासची पोरं तुमचं लेक्चर बघतील, ते एक वेळ चालेल, पण त्याचं बिलही तुम्हीच भराल.

प्रश्न : मॅडम, मी परभणीला बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. क्लाउडमध्ये करिअर करायचंय. एडब्ल्यूएस, अ‍ॅझ्युर की गुगल, कोणतं सर्टिफिकेट आधी करू?
— विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : आधी लिनक्स आणि नेटवर्किंग पक्कं कर. आयपी पत्ता, सबनेट, फायरवॉल कळलं की तिन्ही ठिकाणी नावं बदलतात, काम तेच राहतं. मग संभाजीनगर-पुण्याच्या नोकरीच्या जाहिराती पंधरा दिवस गोळा कर आणि जे नाव जास्त दिसेल ते धर. सरावासाठी गुगल नव्या खात्याला ९० दिवसांत वापरायला ३०० डॉलर देतं, अ‍ॅझ्युर ३० दिवसांत वापरायला २००. कार्ड मात्र द्यावं लागतं. पहिल्याच दिवशी बजेटचा अलार्म लाव. तो फक्त मेल पाठवतो, मशीन बंद करत नाही, त्यामुळं मेल रोज बघ. आणि कार्ड वडिलांचं असेल तर एसएमएस त्यांना जाईल. त्यांना आधीच सांगून ठेव.