रातवा ऐकू येतो, पण दिसत नाही

प्रश्न : सासवडकडून रात्री परतताना डांबरी रस्त्यावर दोन लाल डोळे चमकतात आणि गाडी जवळ गेली की पक्षी उडतो. हा रातवाच का? टेकडीवर त्याचा आवाज येतो, पण तो दिसत मात्र नाही. कसा पाहावा?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : वर्णनावरून रातवाच. मोकळ्या जमिनीवर बसले की वरून जाणारे पतंग आणि भुंगेरे आकाशाच्या उरल्यासुरल्या उजेडात त्याला दिसतात, म्हणून तो रस्त्यावर येतो.

मे महिन्यात पुण्यात सूर्यास्त सातच्या सुमारास होतो. अर्धा तास आधी खुरट्या गवताच्या माळाकडेला पश्चिमेकडे तोंड करून बसा. अंधार पडू लागला की आवाज सुरू होतात. ‘चक्-चक्-चक्-चर्रर्र’ असा, फरशीवर टाकलेल्या गोटीच्या टप्प्यांसारखा जलद होत जाणारा आवाज साध्या रातव्याचा. उडता उडता एकेकच कर्कश ‘च्वीप’ आला, तर तो माळरातवा, म्हणजे रातव्याचीच दुसरी जात. त्याच्या नराच्या शेपटीची कडेची पिसे जवळजवळ पूर्ण पांढरी असतात. साध्या रातव्याची फक्त टोकेच पांढरी. वटवाघूळ सतत फडफडते, रातवा मधेच पंख ताणून तरंगतो.

दुर्बीण ८×४२ घ्या, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि पुढचे भिंग ४२ मिलिमीटरचे असलेली. १०×२५ खिशात मावते, पण तिच्यातून डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशझोत जेमतेम अडीच मिलिमीटरचा. ८×४२ मध्ये तो सव्वापाच मिलिमीटर असतो, आणि संधिप्रकाशात सगळा फरक तिथेच पडतो.

तुमची अडचण बहुधा टॉर्चची आहे. पक्ष्याच्या डोळ्यांवरून परतणारा उजेड आला त्याच वाटेने मागे जातो. टॉर्च कमरेशी धरली तर चमक तुमच्या डोळ्यांपर्यंत येतच नाही. ती कानशिलाला लावून धरा, काचेवर लाल जिलेटीन कागद बांधा आणि जमीन हळूहळू चाचपा. डोळे सापडले की झोत लगेच बाजूला घ्या. मोबाइलवर आवाज वाजवून बोलावू नका. विणीच्या दिवसांत नर आपली हद्द सोडून त्या आवाजामागे धावतो.

रातवा घरटे बांधत नाही, उघड्या जमिनीवरच बहुधा दोन अंडी घालतो. पायाखालून पक्षी उडाला किंवा पंख मोडल्यासारखा समोर लोळू लागला, तर जागीच थांबा आणि आल्या पावली मागे फिरा. फोटो नकोच, उन्हात उघडी राहिलेली अंडी लवकर तापतात.

टेकडी वनखात्याची असेल तर वेळेचा फलक आधी वाचा. गाडीत असाल तर डोळे चमकताच दिव्यांचा झोत खाली घ्या आणि वेग कमी करा. प्रखर झोतात तो दिपून जागचा हलत नाही आणि चाकाखाली येतो.