अमेरिकेत जंगली टर्कीच्या शिकारीत 'फेअर चेस' म्हणतात ते नेमकं काय? बंदूक हातात असताना त्यात 'फेअर' काय उरतं?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसातले सहकारी वसंतातल्या टर्कीच्या शिकारीला बोलावतायत, 'आम्ही फेअर चेस पाळतो' असं सांगतायत, आणि तुम्हाला ते पटत नाही. शंका रास्त आहे. आपल्याकडे शिकारीला कायद्यानेच बंदी असल्यामुळे या नियमांशी आपली ओळख नसते.

कल्पना जुनी आहे. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ साली स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने ती रुजवली. प्राणी मोकळ्या रानातला हवा, शिकार कायद्यात बसणारी हवी, आणि शिकाऱ्याने अवाजवी फायदा घेता कामा नये. टर्कीच्या बाबतीत हा 'अवाजवी फायदा' कुठला, हे समजायला पक्ष्याची रीत माहीत हवी.

वसंतात नर पहाटे रातथाऱ्याच्या फांदीवरूनच 'गॉबल' म्हणजे नराची मोठी साद घालायला लागतो. उजाडताना जड पंखांचा फडफडाट करत खाली उतरतो, पिसारा फुलवतो आणि थांबतो. माद्या त्याच्याकडे चालत येतात. शिकारी झाडाच्या बुंध्याला पाठ टेकून मादीचा आवाज काढतो: लाकडी बॉक्स कॉलवर, स्लेटवर काडी घासून, नाहीतर तोंडातल्या पडद्याने. म्हणजे नराने आपली रीत मोडून स्वतः चालत यावं, अशी त्याची अपेक्षा असते. मुरलेला नर ६०-७० यार्डांवर अडतो. मादी दिसत का नाही म्हणून तिथेच फेऱ्या घालतो आणि निघून जातो. हे निघून जाणं हीच त्याची निसटायची संधी. ती आपण ठेवतो की काढून घेतो, यावर माझ्या मते सगळं ठरतं.

म्हणून पहिला प्रश्न अंतराचा. बार डोक्यावर आणि मानेवर बसायला हवा, कारण मेंदू किंवा मानेचा मणका छेदला तरच पक्षी जागीच पडतो. नेहमीच्या १२ बोअरला, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीला, ४० यार्ड ही मर्यादा धरतात. ती आपल्या बंदुकीला लागू आहे का, हे आधी कागदावर तपासा: त्याच चोकने (छर्रे एकवटणारी नळीच्या तोंडाची अरुंद नळी), त्याच काडतुसाने, बसूनच ४० यार्डांवर बार काढा आणि १० इंची वर्तुळातली भोकं मोजा. शंभरच्या आसपास हवीत. कमी भरली तर तुमची मर्यादा ३० यार्ड. २० यार्डांवरही एक बार काढून बघा. तिथे छर्रे इतके एकवटलेले असतात की जरा हात हलला तर अख्खा बार हुकतो.

हल्ली टंगस्टनचे छर्रे मिळतात. ते शिशापेक्षा दीडपटीहून जास्त घन, त्यामुळे ९ नंबरचा बारीक छर्राही लांबवर आत घुसतो. मग ६० यार्डांवर अडलेल्या नरावर बार काढायचा मोह होतो. मला हे मान्य नाही. मोकळ्या शेतात ६० यार्ड डोळ्यांना ४५ वाटतात, आणि विरळ झालेल्या छर्‍यांतले दोन-तीन शरीरात घुसले की पक्षी उडून जातो आणि कुठेतरी झुडपात मरतो.

पिसारा फुलवलेला असताना मान आखडलेली असते, तेव्हा बार काढू नका. कॉलवर एकच हलकी 'टक्' काढा. नर पिसारा मिटतो, मान उंच करतो. तो क्षण तुमचा. मागे दुसरा पक्षी नाही ना, तेवढं आधी पाहा.

रातथाऱ्यावर बसलेल्या पक्ष्याला टिपणं, ध्वनिमुद्रित आवाज वाजवणं, दाणे टाकून बोलावणं हे बहुतेक राज्यांत बेकायदा आहे. टेक्सासच्या बऱ्याच भागांत दाणे टाकायला परवानगी आहे. तरी मी त्याला फेअर म्हणणार नाही.

खरा वाद 'फॅनिंग'चा. नराच्या शेपटीचा पंखा तोंडापुढे धरून शिकारी रांगत जातो. दबंग नराला तो प्रतिस्पर्धी वाटतो आणि तो सावध व्हायच्या ऐवजी अंगावर धावून येतो. त्याची सावधगिरीच आपण काढून घेतलेली असते. शिवाय दुसऱ्या शिकाऱ्याला झुडपाआडून फक्त पंखा दिसतो, आणि तो तुमच्यावर बार काढू शकतो. अलाबामाने २०२२पासून हंगामाचे पहिले १० दिवस डेकॉयवरच, म्हणजे भुलवायला ठेवलेल्या नकली पक्ष्यांवरच, बंदी आणली. माद्यांचं मीलन उरकण्याआधी दबंग नर मारले जाऊ नयेत, या काळजीतून असे नियम येतात. वीण टिकावी याच कारणासाठी छातीवर 'दाढी' (नराला असतो तसा केसांसारख्या पिसांचा झुपका) असलेली मादी कायद्यात बसत असली तरी सोडून द्यावी. ओळखायला सोपी: डोकं लालभडक नसून निळसर-राखाडी असतं, आणि ती सहसा पिसारा फुलवत नाही.

जायचं ठरलं तर लाल, पांढरं, निळं काही घालू नका, रुमालसुद्धा नाही. नराच्या डोक्याचे हेच रंग. बार लागला की बंदूक सेफ करून लगेच पक्ष्यापाशी पोचा. उडालाच तर कुठे उतरला ती जागा नजरेत धरा आणि पिसं, रक्त शोधत जा. तासन्‌तास शोधूनही सापडला नाही, तरी तो आपल्या परवान्यातला एक धरावा आणि त्या परवान्यावर दुसरा मारू नये. तुमचे सहकारी हे करतात का, ते त्यांना आधी विचारा.