चुलत सासऱ्यांना ब्लॉक केलं आणि भाऊबंदकीत चर्चा सुरू झाली

माझ्याकडे जळगावला समुपदेशनासाठी येणाऱ्यांत हल्ली एक प्रश्न फार असतो, अमुक माणूस व्हॉट्सअ‍ॅपवर डोकं खातो, पण तोडून टाकलं तर वाईट वाटेल, मग करू काय? नवरा-बायकोचं भांडण किंवा मुलांचा अभ्यास म्हणून सुरू झालेलं बोलणं पण कधीकधी फिरून तिथंच येतं. एका बाईंची गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

चोपड्याकडच्या शिक्षिका. त्यांचे चुलत सासरे रावेर भागातले, केळीची शेती, घरात सगळे आप्पा म्हणतात. आप्पांचा पहाटे सव्वापाचला पहिला सुप्रभात, मग देवाचे फोटो, मग शुगरवर कडुनिंबाचा उपाय, मग राजकारण, दिवसभर चालूच. बाईंनी स्टेटसला फोटो टाकला की लगेच "कुठं गेले होते? कोणासोबत?" आणि वर दुपारी फोन, "सूनबाई, मी पाठवलेलं पाहिलं नाही का?" एक दिवस वैतागून बाईंनी ब्लॉक केलं. चार दिवसांत आप्पांच्या लक्षात आलं, कारण डीपी दिसेना आणि मेसेजला एकच टिक, आणि त्यांनी थेट बाईंच्या सासूला फोन लावला की तुमच्या सुनेनं मला काढून टाकलं. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई (आमच्या खानदेशातला देवीचा सण) बसणार, रोटांच्या प्रसादासाठी सगळी भाऊबंदकी एका घरात जमणार, आता आप्पांसमोर जायचं कसं, म्हणून बाई माझ्याकडे आल्या होत्या.

मी आधी ब्लॉक काढायला सांगितलं (ब्लॉक असताना आलेले मेसेज नंतर येत नाहीत, त्यामुळे ढिगारा पडेल ही भीती नको) आणि जुनं चॅट माझ्यासमोर उघडायला लावलं. वर-वर सरकवत गेलो तर फॉरवर्डच फॉरवर्ड, ज्यांच्यावर तो बाण आणि 'फॉरवर्डेड' लिहिलेलं असतं ते, पण मधेच दोन-तीन ओळी आप्पांनी स्वतः टाईप केलेल्या निघाल्या. एक होती अहिराणीत, "जेवन व्हयनं का? शाळेकडे पानी शे का", म्हणजे जेवण झालं का, शाळेकडे पाणी आहे का. दुसरी, "घड उतरले, पाठवू का". बाईंनी ह्या वाचल्याच नव्हत्या, फुलांच्या फोटोंखाली गाडल्या गेल्या होत्या. म्हणजे आप्पा लई गोड माणूस होते असं मला म्हणायचं नाहीये, "कोणासोबत गेले होते" हे विचारायचा त्यांना काही हक्क नाही. पण काय सहन होत नाही ते वेगळं काढता आलं. फॉरवर्ड हा निव्वळ कचरा, त्याला सेटिंग पुरते. चौकशी मात्र सेटिंगने थांबत नाही, तिथं बोलावंच लागतं.

सेटिंगचं काम पाच मिनिटांचं. चॅट कायमचं म्यूट आणि आर्काइव्ह, नवीन मेसेज आला तरी ते आर्काइव्हमध्येच राहतं आणि समोरच्याला यातलं काहीच कळत नाही. स्टेटसच्या प्रायव्हसीत आप्पांना वगळलं, लास्ट सीन आणि ऑनलाइनही लपवलं. निळ्या टिका बंद करता येतात पण मग आपल्यालाही दुसऱ्यांच्या दिसत नाहीत, बाईंना ते नको होतं. भाऊबंदकीच्या ग्रुपमधून गुपचूप निघायचं पण त्यांच्या मनात होतं. 2022 पासून बाहेर पडल्याची सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते हे खरं, पण ह्या ग्रुपचे अ‍ॅडमिन आप्पाच! तेव्हा तोही फक्त म्यूट. फेसबुकवर कोणी असाच पिडत असेल तर अनफॉलो करा, मैत्री यादीत राहते, पोस्टी दिसत नाहीत.

बोलायचं कोणी, ह्यावर मात्र आमचं जरा अडलं. बाई म्हणे मीच बोलते, उगाच ह्यांना कशाला त्रास. मी नको म्हटलं. काका नवऱ्याचे, तर बोलणंही नवऱ्याचं, सुनेने हे बोललं की त्याचा उद्धटपणा होतो आणि पुतण्याने बोललं की घरातली गोष्ट राहते. चूक की बरोबर सोडा, आपल्याकडे असंच आहे. नवऱ्याने फोनवर सांगितलं, "आप्पा, ती शाळेत असते, फोन कपाटात, रात्री एकदाच बघते. काही अर्जंट असलं तर मला फोन करा. आणि कुठं गेली कोणासोबत असं विचारत जाऊ नका, तिला अवघडल्यासारखं होतं." यात खोटं नको म्हणून बाई खरंच फोन कपाटात ठेवायला लागल्या. आणि रात्री आप्पांच्या हातच्या एखाद्या ओळीला उत्तर द्यायचं, फॉरवर्डला अंगठासुद्धा नाही. अंगठा दिला की दुसऱ्या दिवशी दुप्पट येतं, हे मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय.

हे सगळं आप्पांसारख्या नुसत्या कंटाळवाण्या माणसांसाठी हं. रात्री अकराला "एकटी आहेस का" विचारणारा नातेवाईक असो की ऑफिसातला, त्याच्या मनाला काय वाटेल हा विचारच करायचा नाही. स्क्रीनशॉट ठेवा, ब्लॉक करा, घरात एकाला तरी सांगा, थांबला नाही तर पोलीस.

कानबाईला आप्पांनी ब्लॉकचा विषय काढलाच, सगळ्यांदेखत. नवरा म्हणाला मोबाईल बदलताना गडबड झाली असेल. मला ते खोटं पटलं नाही, पण रोट खाऊन लोक उठले. फॉरवर्ड अजून येतात, आर्काइव्हमध्ये पडून राहतात. फोन आठवड्यातून एखादा येतो, तोही बहुतेक पुतण्याला, केळीच्या भावाबद्दल.