कोरडे खाद्य खाणारा बोका आणि पाण्याचा हिशेब

तुमचा बोका तीन वर्षांचा, साडेचार किलो वजनाचा आहे, तो केवळ कोरडे खाद्य खातो आणि सकाळी भरलेली त्याची पाण्याची वाटी रात्री जवळजवळ तशीच असते, असे तुम्ही लिहिले आहे. त्याला दिवसातून दोन-तीनदा सिरिंजने पाणी पाजावे का, हा तुमचा प्रश्न. त्याचे उत्तर आधी देते: पाजू नका. धडधाकट मांजराच्या तोंडात जबरदस्तीने सोडलेले पाणी श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसांपर्यंत पोहोचू शकते. ते टळले तरी मांजराला तुमच्या हाताची आणि सिरिंजची धास्ती बसते, आणि पुढे कधी खरोखर औषध पाजण्याची वेळ आली तर ते पलंगाखालून बाहेर यायला तयार होत नाही.

तुमच्या बोक्याचे वागणे मांजराच्या जातीला धरूनच आहे, हे आधी लक्षात घ्यावे लागेल. घरातली मांजरे ज्या आफ्रिकी रानमांजरापासून आली, ते कोरड्या प्रदेशात राहणारे जनावर होते. उंदरासारख्या शिकारीच्या शरीरात सुमारे ७० टक्के पाणी असते, त्यामुळे पोट भरता भरता त्याची तहानही बरीचशी भागत असे. जे मिळेल ते पाणी राखून ठेवण्यासाठी मांजराची मूत्रपिंडे लघवी फार घट्ट करू शकतात. याची दुसरी बाजू अशी, की शरीरात पाणी कमी पडू लागले तरी मांजराला तहान चटकन लागत नाही. कोरडे खाद्य खाणारे मांजर ओले खाद्य खाणाऱ्यापेक्षा अधिक पाणी पिते हे खरे, पण अन्नातून न मिळालेली तूट ते सहसा पूर्ण भरून काढत नाही.

आता आकडे पाहू. अन्नातले आणि वाटीतले पाणी मिळून मांजराला दिवसाला दर किलो वजनामागे साधारण ४० ते ६० मिलिलिटर पाणी लागते, असे धरतात. साडेचार किलोच्या बोक्यासाठी हे १८० ते २७० मिलिलिटर झाले. कोरड्या खाद्यात पाण्याचे प्रमाण ६ ते १० टक्के असते, म्हणजे दिवसाला ६० ग्रॅम खाणाऱ्या बोक्याला त्यातून जेमतेम चमचाभर पाणी मिळते. अन्न पचताना शरीरात थोडे पाणी तयार होते, तेही मोजले तरी उरलेले दीडशे मिलिलिटर किंवा त्याहून अधिक पाणी त्याने वाटीतूनच प्यायला हवे. उलट ओल्या खाद्यात ७५ ते ८० टक्के पाणी असते आणि २०० ग्रॅम ओले खाद्य पोटात गेले की दीडशे मिलिलिटर पाणी त्याच्या नकळत त्याच्या पोटात गेलेले असते.

हे दीडशे मिलिलिटर म्हणजे मांजराच्या दृष्टीने किती मोठे काम आहे, याची कल्पना येण्यासाठी ते पाणी कसे पिते ते एकदा जवळून पाहा. कुत्रा जीभ मागे पळीसारखी वळवून पाण्यात बुडवतो, तर मांजर जिभेचे टोक पाण्याला नुसते टेकवते आणि झटकन वर ओढते. जिभेला लागून पाण्याची एक बारीक धार वर उठते आणि ती खाली पडण्याआधी मांजर तोंड मिटते. चार संशोधकांनी २०१० साली वेगवान चित्रणातून हे उलगडून दाखवले. घरातले मांजर सेकंदाला सुमारे चार वेळा अशी लपलप करते आणि प्रत्येक खेपेला मिलिलिटरच्या दहाव्या भागाच्या आसपास पाणी तोंडात येते. तेव्हा तुमच्या बोक्याने केवळ वाटीवर भागवायचे ठरवले, तर त्याला रोज हजाराहून अधिक वेळा जीभ चालवावी लागेल. तो तसे करत नाही, यात मला तरी नवल वाटत नाही.

म्हणून माझा सल्ला असा, की पाण्याच्या वाटीची चिंता नंतर करा आणि आधी खाण्याची ताटली बदला. दिवसातले निदान एक जेवण ओल्या खाद्याचे करा आणि जमले तर हळूहळू सगळेच. मात्र हा बदल घाईने करू नका. मांजर उपाशी राहून हट्ट करू शकते, आणि विशेषतः लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडले तर त्याच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते, त्यामुळे ‘भूक लागली की खाईल’ हा हिशेब इथे चालत नाही. आठ-दहा दिवस नेहमीच्या खाद्याशेजारी चमचाभर ओले खाद्य ठेवत जावे आणि त्याने ते चाखायला सुरुवात केली की प्रमाण वाढवावे. फ्रिजमधून काढलेले गार खाद्य बरीच मांजरे नुसते हुंगून निघून जातात; तेच किंचित कोमट केले की वास सुटतो आणि काम होते. एकदा ते आवडू लागले की त्यात एक चमचा पाणी कालवा, काही दिवसांनी दोन चमचे. माझा सध्याचा बोका ओल्या खाद्यात चार चमचे पाणी घातलेले निमूट खातो, पाचवा घातला की ताटलीभोवतीची फरशी पंजाने उकरून निषेध नोंदवतो.

कोरडे खाद्य भिजवून देणे हाही मार्ग आहे, पण भिजलेले खाद्य लवकर खराब होते, म्हणून तासा-दोन तासांत उरलेले उचलून टाकावे. उकडलेल्या चिकनचे पाणी पाण्यात मिसळले तर काही मांजरे आवडीने पितात. ते बिनमिठाचे असावे आणि त्यात कांदा-लसूण कणभरही नसावा, कारण दोन्हींमुळे मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट होतात. दुधाचा विचार करू नका. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना ते पचत नाही आणि जुलाब लागले की होते ते पाणीही जाते.

आता वाटीविषयी. पाणी रोज बदलावे, वाटी रोज घासावी. बोट फिरवल्यावर आतून बुळबुळीत लागणारी वाटी आपल्याला स्वच्छ दिसत असली तरी मांजराला तिचा वास येतो. प्लास्टिकवर ओरखडे पडून त्यात घाण बसते, म्हणून स्टीलचे किंवा चिनी मातीचे, पसरट, काठोकाठ भरता येईल असे भांडे बरे. ते मांजराच्या शी-शूसाठी ठेवलेल्या वाळूच्या ट्रेपासून लांब ठेवा आणि शक्यतो जेवणाच्या ताटलीलाही खेटून ठेवू नका. त्याच्या नेहमीच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आणखी दोन ठिकाणी पाणी ठेवा. विजेवर चालणाऱ्या कारंज्याबद्दल तुम्ही विचारले नाही, पण कोणीतरी सुचवेलच. काही मांजरे त्यावर लुब्ध होतात, काही ढुंकूनही पाहत नाहीत. तुमचा बोका वाहत्या नळाखाली तोंड घालत असेल तर घेऊन पाहा, एरवी तो खर्च खाद्यावर करा. कारंज्याची जाळी आणि पंप वेळच्या वेळी धुतले नाहीत तर ते साध्या वाटीपेक्षाही घाण होते.

फुलदाणीतले पाणी प्यायची खोड असलेली मांजरेही असतात. घरात लिलीची फुले आणत असाल तर ती आजपासून बंद करा. त्या फुलांचे पराग, पाने आणि फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडे निकामी करू शकते.

तुमचा प्राणी बोका आहे, म्हणून पुढचा भाग सावकाश वाचा. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते आणि लघवी सतत घट्ट राहिली की तिच्यातले खडे किंवा चिकट गाळ तिथे अडकण्याचा धोका वाढतो. माझ्या पहिल्या बोक्याच्या बाबतीत हे घडले, तेव्हा तो वारंवार वाळूत जाऊन बसत होता, पाठ वाकवून कुंथत होता, आणि मी अख्खी संध्याकाळ त्याला बद्धकोष्ठ झाले आहे असे समजत बसले. रात्री वाळू चाळली तेव्हा लघवीने वाळूची होते तशी एकही ओली गुठळी सापडली नाही आणि मग डोक्यात प्रकाश पडला. पशुवैद्यांनी नळी घालून लघवी मोकळी केली आणि तो वाचला, पण सकाळपर्यंत थांबले असते तर काय झाले असते, याचा विचार आजही नकोसा वाटतो. लघवी पूर्ण तुंबली की रक्तातले पोटॅशियम वाढत जाते आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकते. बोका वारंवार वाळूत जातो आहे, ओरडतो आहे, मागचा भाग सतत चाटतो आहे आणि वाळू कोरडी आहे, असे दिसले तर मध्यरात्र असली तरी त्याला उचलून न्यावे. त्या वेळी घरी पाणी पाजत बसण्यात काहीच हशील नाही.

एरवी पाणी पुरेसे पोहोचते आहे की नाही, हे वाळूच सर्वांत खरे सांगते. रोज दोन ते चार बऱ्यापैकी मोठ्या गुठळ्या निघत असतील तर निश्चिंत राहा. हिरड्यांना बोट लावल्यास त्या ओलसर, निसरड्या लागायला हव्यात. चिकट लागल्या, मांजर मलूल झाले, डोळे आत गेल्यासारखे दिसले, तर पशुवैद्यांकडे जावे. मानेमागची त्वचा चिमटीत धरून सोडण्याची युक्ती बरेच जण सांगतात, पण म्हाताऱ्या किंवा फार लठ्ठ मांजरात ती फसवी ठरते.

काहीही बदलण्यापूर्वी मात्र तीन दिवस मोजमाप करा. वाटी पाण्यासकट स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा, आकडा लिहा, चोवीस तासांनी पुन्हा वजन करा. कमी झालेला प्रत्येक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर. तशीच दुसरी वाटी मांजर पोहोचणार नाही अशा जागी भरून ठेवा आणि तिच्यातून जेवढे पाणी हवेत उडाले तेवढे पहिल्यातून वजा करा. पसरट भांड्याच्या काठावर पन्नास-साठ मिलिलिटरचा फरक डोळ्यांना कळतही नाही, त्यामुळे ‘वाटी तशीच आहे’ हे निरीक्षण चुकीचेही असू शकते.

हे आकडे वहीत राहू द्या, कारण पुढे ते उलट कारणासाठी उपयोगी पडतात. माझी म्हातारी मांजरी बाराव्या वर्षी वाटी रिकामी करू लागली, तेव्हा घरातल्या सगळ्यांना आनंद झाला होता. जुन्या वहीत तिचे रोजचे पिणे ६० मिलिलिटरच्या आसपास होते, आता ते १८० झाले होते आणि खाणे तर तेच होते. दर किलोमागे दिवसाला १०० मिलिलिटरच्या वर पिणे हे आजाराचे लक्षण मानतात. तिचे वजन साडेतीन किलो असल्याने ती त्या रेषेच्या खालीच होती, तरी तिप्पट झालेला आकडा पाहून मी तिला तपासायला नेले. मूत्रपिंडांचा आजार निघाला, पण लवकर कळल्यामुळे खाद्य बदलून तिची पुढची तीन वर्षे चांगली गेली. मधुमेह आणि थायरॉइडच्या विकारातही तहान अशीच वाढते. तुमचा बोका तरुण आहे, तेव्हा त्याचे नेहमीचे आकडे नोंदवून ठेवण्याची हीच वेळ आहे. ओल्या खाद्यावर आल्यानंतर मात्र नवे मोजमाप करा, कारण तेव्हा तो वाटीतून आजच्यापेक्षाही कमी पिईल.