युजरचं नाव सोळा अक्षरांत कसं बसवू?

प्रश्न : आमचं फरसाण-मिठाईचं दुकान आहे, पुण्यात सहा शाखा. बिलिंग मायएसक्यूएल ५.६ या डेटाबेस सॉफ्टवेअरवर चालतं. प्रत्येक काउंटरला वेगळा डेटाबेस युजर करतोय, उदा. कोथरूड_कर्वेपुतळा_काउंटर_१ (इंग्रजी लिपीतच टाकतो). नाव लांब आहे म्हणून एरर आली, मग भाच्याने स्क्रिप्टमध्ये पहिली सोळा अक्षरं कापून घेतली. आता काउंटर २ चालतो पण १ ला पासवर्ड चुकीचा म्हणतं. लिमिट वाढवता येईल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आधी भाच्याचा पराक्रम बघू. इंग्रजी स्पेलिंगची पहिली सोळा अक्षरं घेतली की उरतं 'कोथरूड_कर्वेपुत'. काउंटर १ चं पण तेच आणि २ चं पण तेच! म्हणजे दोन काउंटर, युजर एकच. आणि स्क्रिप्टमध्ये ग्रँट ... आयडेंटिफाइड बाय (परवानगी देतानाच पासवर्डही लावणारी आज्ञा) असणार, ५.६ मध्ये ते आधीपासून असलेल्या युजरचा पासवर्ड गुपचूप बदलून टाकतं, एरर वगैरे काही नाही. त्यामुळे २ चा पासवर्ड बसला आणि १ बिचारा बाहेर.

लिमिट वाढवायचं म्हणाल तर युजर टेबलचा कॉलम मोठा करायच्या फंदात पडू नका, काही उपयोग नाही, ती मर्यादा सर्व्हर आणि क्लायंटच्या कोडमध्येच आहे. ५.७.८ पासून ती ३२ झाली, तुमचं नाव २९ अक्षरांचं, म्हणजे बसेल. पण उद्या 'पिंपळेसौदागर' शाखा उघडलीत की परत तेच रडगाणं.

माझं स्पष्ट मत, नावात पत्ता कोंबूच नका. गाडीच्या नंबरात कुठे 'पुणे' लिहिलेलं असतं? एमएच १२ म्हटलं की कळतं, १४ म्हटलं की चिंचवडकर. तसंच शाखेला दोन-तीन अक्षरी कोड द्या, केटीडी_सी१, केटीडी_सी२, आणि कोड, शाखा, काउंटर असं एक छोटं टेबल तुमच्याच डेटाबेसमध्ये ठेवा, रिपोर्टला पूर्ण नाव तिथून येईल. जुनं नाव 'रिनेम युजर' या आज्ञेने बदला, परवानग्या तशाच राहतात. फक्त व्ह्यू (साठवून ठेवलेली क्वेरी) किंवा प्रोसीजर (साठवून ठेवलेल्या आज्ञा) त्या युजरच्या नावाने बनवले असतील तर त्यांचा डिफायनर, म्हणजे त्यावर नोंदलेलं मालकाचं नाव, आपोआप बदलत नाही, तो हाताने बघा. काउंटर २ मात्र नव्याने करावा लागेल, कारण तो वेगळा असा कधी झालाच नव्हता.

आणि ५.६ चा सपोर्ट फेब्रुवारी २०२१ मध्येच संपलाय हो, त्यावर रोजचा गल्ला चालवताय! ८.४ वर जा, पण थेट उडी नाही, ५.७, ८.० असं एकेक पायरीने, आणि दर पायरीआधी बॅकअप. दिवाळीच्या गर्दीत तर अजिबात नको. ८.०.२१ पासून युजरला कमेंट जोडता येते, 'कर्वे पुतळा, दुसरा काउंटर' हे तिथे बिनधास्त लिहा. फक्त भाच्याची ग्रँटवाली स्क्रिप्ट ८.० वर चालणार नाही, तिथे आधी क्रिएट युजर करावंच लागतं. बरंच झालं म्हणायचं.

कुणी पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस सुचवेलच. तिथे मर्यादा ६३ बाइटची (बाइट म्हणजे साठवणुकीचं माप), अक्षरांची नाही, आणि लांब नाव एरर न देता नुसती नोटीस देऊन कापलं जातं, म्हणजे भाच्याचंच काम सर्व्हर करतो. हौसेने देवनागरीत 'कोथरूड' लिहिलंत तर मात्रा धरून सहा खुणा, प्रत्येकी तीन बाइट, अठरा तिथेच गेले.